पदकाची कड आणि शब्दांचे हुद्दे

पहिल्या महायुद्धात लढलेल्या सैनिकांना ब्रिटिश सरकारने जे चांदीचे पदक दिले, त्याच्या एका बाजूला पंचम जॉर्ज बादशहा आहे आणि दुसऱ्या बाजूला घोड्यावर स्वार झालेला सेंट जॉर्ज. घोड्याच्या टापांखाली गरुडाची प्रशियन ढाल. लाखो पदकांवर हेच चित्र असल्याने पदक कोणाचे, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी पदक आडवे धरून कड वाचावी लागते. कडेवर बारीक रोमन अक्षरांत एक ओळ ठोकलेली असते : नंबर, हुद्दा, नाव, पलटण. मराठी मुलुखातल्या माणसाचे पदक असेल तर नंबरानंतर ‘सिपॉय’, ‘नाईक’ किंवा ‘हवालदार’, मग त्याचे नाव आणि शेवटी एखाद्या मराठा पलटणीचा आकडा.

इतिहासकाराला या ओळीत माणूस सापडतो. शब्दांच्या मागे लागणाऱ्याला त्या माणसाने आणि त्याच्या पूर्वजांनी कोणाकोणाची चाकरी केली, ते सापडते. ‘हुद्दा’ अरबी ‘उहदा’वरून आला, म्हणजे अंगावर घेतलेली जबाबदारी. ‘सिपॉय’ हा फारसी शब्द इंग्रजी उच्चाराचा पोशाख घालून आला. ‘पलटण’ युरोपातून आली, ‘नाईक’ संस्कृतातून. सैनिकाच्या कामाची भाषा बहुधा पगार देणाऱ्याची असते, आणि मराठी सैनिकाला पगार देणारे धनी शतकाशतकाला बदलत गेले. धनी गेला तरी त्याचे शब्द गेले नाहीत. मात्र प्रत्येक नव्या धन्याने जुन्या शब्दांचे हुद्दे बदलले. काहींना बढती मिळाली. पुष्कळांना खालची पायरी.

आधी खुद्द ‘पदक’ घेऊ. शब्द अस्सल संस्कृत, पण लढाईशी त्याचे नाते अगदी अलीकडचे. पाणिनीच्या व्याकरणात ‘पदक’ म्हणजे वेदाचा पदपाठ येणारा माणूस, जसा क्रमपाठ येणारा तो ‘क्रमक’. गळ्यातल्या दागिन्यालाही पदक म्हणत, आणि मराठीने हाच अर्थ जपला. साखळीत ओवलेले पदक बायकांच्या गळ्यात रुळत होते, तेव्हा शिपायाच्या छातीपासून ते फार दूर होते. इंग्रजी अमदानीत ‘मेडल’ला प्रतिशब्द हवा झाला, आणि हा दागिना कामाला आला.

निवड चपखल होती. पदकाला संस्कृतात आणखी एक जुना शब्द आहे, ‘निष्क’. ऋग्वेदात ‘निष्कग्रीव’ म्हणजे गळ्यात सोन्याचा निष्क घातलेला. पुढे निष्क हे नाण्याचे नाव झाले. तिकडे ‘मेडल’चा प्रवासही असाच. काही जण तो शब्द लॅटिन ‘मेटॅलम’शी, म्हणजे धातूशी जोडतात. काहींच्या मते तो अर्ध्या किमतीच्या नाण्याच्या नावावरून आला, आणि तसे असेल तर आपला ‘मध्य’ त्याचा दूरचा नातलग ठरतो. कुठलेही मत धरा, दागिना, नाणे आणि सन्मान या तिन्ही गोष्टी दोन्हीकडच्या भाषांत एकाच धातूच्या चकतीवर येऊन बसल्या आहेत.

उत्तर हिंदुस्थानी छावण्यांत पदकाला ‘तमगा’ म्हणत. हा तुर्की शब्द. मुळात तमगा म्हणजे जनावराच्या अंगावर उमटवलेला डाग, हे घोडे कोणत्या टोळीचे ते सांगणारी खूण. मग तो शिक्का झाला, मोंगोल राज्यकर्त्यांच्या काळात मालावरची जकात झाला, आणि रशियन भाषेत जकातनाक्याला अजून ‘तामोझ्न्या’ म्हणतात ते त्यावरूनच. म्हणजे एका भाषेत पदक हा दागिना आणि दुसरीत मालकीचा डाग. हे दोन्ही अर्थ एकमेकांशेजारी ठेवले की परक्या राजाचे चित्र छातीवर मिरवणाऱ्या सैनिकाची सगळी कोंडी त्यात दिसते. फाळणीनंतर दोन देशांनी हे शब्दही वाटून घेतले. पाकिस्तानकडे ‘तमगा’ आणि ‘निशान’ गेले, भारताने ‘पदक’ आणि ‘चक्र’ ठेवले. ‘निशान’ आपल्याकडेही आहे, पण मराठीत निशाण म्हणजे झेंडा, आणि ‘निशाणी’ म्हणजे अक्षर न येणाऱ्याच्या डाव्या अंगठ्याचा ठसा.

पदक ज्या रेशमी पट्टीला लटकते, तिला आपण ‘फीत’ म्हणतो. हा शब्द पोर्तुगीज ‘फिता’वरून आला. काडतूस आणि पिस्तूलही त्याच गलबतातून उतरले. आणि ज्याच्यासाठी माणूस पलटणीत जातो तो ‘पगार’सुद्धा. पोर्तुगीज भाषेत ‘पागार’ म्हणजे देणे, चुकते करणे. गोवा, वसई, चौल इथल्या लांबच्या शेजारात मराठीने त्यांच्याकडून जे शब्द घेतले, त्यात हा सगळ्यांत पक्का मुरला. ज्यांच्याशी चिमाजी अप्पांनी वसईला झुंज घेतली, त्यांच्या भाषेतला शब्द आपण दर महिन्याच्या एक तारखेला आनंदाने उच्चारतो.

पैसा आणि सैनिक यांचे नाते शब्दांत फार जुने आहे. इंग्रजी ‘सोल्जर’ रोमन ‘सॉलिडस’ या सोन्याच्या नाण्यावरून आला. नाणे घेऊन लढतो तो सोल्जर. मराठी फौजेतही हिशेब असाच उघड होता. स्वतःचा घोडा आणि हत्यार आणणारा तो शिलेदार, कारण फारसीत ‘सिलाह’ म्हणजे शस्त्र. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, शब्दशः ओझे वाहणारा. दोघांच्या शौर्यात फरक नसेल, पण घोडा कोणाचा यावर नाव ठरे आणि नावावर मोबदला.

इंग्रजांच्या पलटणीत हे मोजमाप कातडीवर आले. ‘सोल्जर’चा मराठीत ‘सोजीर’ झाला, पण हा सोजीर नेहमी गोराच. त्याच खंदकात, तीच बंदूक घेतलेला सातारचा किंवा कुलाब्याचा माणूस सोजीर होत नसे. तो शिपाई. १९१४ साली पायदळातल्या या शिपायाला महिन्याला ११ रुपये मिळत. पदकात जी चांदी होती, ती दोन-तीन रुपयांच्या वजनाची. चांदीचा भाव चढला की अशी पदके मुशीत जाणे पुढे जगभर घडले, त्यात दोष कोणाला देणार? त्याच पदकाची एक ब्राँझची आवृत्तीही होती. ती भारत, चीन, माल्टा इथून नेलेल्या मजूर दलांसाठी. चित्र तेच, राजा तोच. फक्त ओझी वाहणाऱ्याला चांदी नको, असे कोणीतरी ठरवले होते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, तिचे काम पुढे पडेल.

कडेवर कधी कधी ‘भिस्ती’ असे लिहिलेले असते, कधी ‘ड्राबी’. भिस्ती पखालीतून पाणी वाहणारा. फारसी ‘बिहिश्त’ म्हणजे स्वर्ग, त्यावरून ‘बिहिश्ती’, स्वर्गातला माणूस. रणात तहानलेल्याला पाणी देणाऱ्याचे याहून सुंदर नाव कुठल्या भाषेत असेल असे वाटत नाही. ड्राबी म्हणजे खेचरे हाकणारा. हा शब्द फारसीही नाही आणि तुर्कीही नाही. इंग्रजी ‘ड्रायव्हर’ हिंदुस्थानी तोंडात गेला, ड्राबी होऊन बाहेर आला, आणि साहेबाने तो तसाच आपल्या अक्षरांत परत लिहून घेतला. त्याचा स्वतःचा शब्द ओळखीचा न राहता घरी परत आला, आणि सरकारने त्यावर शिक्का मारला.

आता हुद्द्यांकडे. वरच्या पायरीवरचा ‘सुभेदार’. मोगलाईत सुभा म्हणजे प्रांत आणि सुभेदार त्या प्रांताचा कारभारी, हजारोंची फौज आणि लाखोंचा वसूल हातात असलेला. मराठेशाहीत मल्हारराव होळकरांसारखा माणूस ‘सुभेदार’ म्हणून ओळखला जाई. कंपनी सरकारने हा शब्द ठेवला आणि प्रांत काढून घेतला. त्यांच्या पलटणीतला सुभेदार पंचवीस-तीस वर्षे लढून, केस पिकवून त्या जागी पोचे, आणि विलायतेतून कालपरवा आलेल्या पोरसवदा लेफ्टनंटला सलाम ठोके. भारतीयांना राजाचे कमिशन मिळू लागले ते १९१७ सालापासून, तेही बोटांवर मोजण्याइतक्यांना. तोवर ‘सुभेदार-मेजर’ हे छत. मोगलांच्या राज्यपालाचे नाव, आणि अधिकार गोऱ्या नवशिक्याच्याही खाली.

याच्या उलट ‘नाईक’ आणि ‘हवालदार’ हे दोन शब्द आपल्या जागी बरेच टिकले. सभासद बखरीत शिवछत्रपतींच्या फौजेची जी रचना आहे, तिच्यात पायदळाच्या नऊ-दहा माणसांवर एक नाईक, आणि काही नाईकांवर हवालदार. घोडदळात पंचवीस बारगिरांवर हवालदार. गडाचा कारभार पाहणाराही हवालदारच, कारण अरबी ‘हवाला’ म्हणजे सोपवलेली वस्तू; गड ज्याच्या हवाली केला तो हवालदार. गडाची किल्ली गेली, पण नाईकाची माणसे तेवढीच राहिली. दुसऱ्या महायुद्धातल्या पायदळात नाईकाच्या हाताखाली एक सेक्शन असे, म्हणजे पुन्हा दहाएक माणसे. दख्खनच्या डोंगरातून इटलीच्या डोंगरात शब्द गेला आणि हिशेब जुळला.

हे नुसते कागदावरचे जुळणे नव्हे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे आपला सेक्शन घेऊन पुढे जात होते. रायगड जिल्ह्यातल्या, तेव्हाच्या कुलाब्यातल्या, माणगाव तालुक्याचा हा बावीस वर्षांचा तरुण. मशीनगनच्या माऱ्यात त्यांची सगळी माणसे मेली किंवा जायबंदी झाली. दहांचा नाईक एकटा उरला. त्यांनी धावत जाऊन बॉम्बने मशीनगन बंद पाडली, मग टॉमीगन चालवली, गोळ्या भरायला उसंत नव्हती तेव्हा तिचा दस्ता वापरला. शेवटी दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

त्यांची पलटण तिसरी पाचवी, म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी. ‘पलटण’ हा शब्द इंग्रजी ‘बटॅलियन’चा अपभ्रंश धरतात, आणि त्यात ‘प्लॅटून’चीही भेसळ झाली असावी. ‘प्लॅटून’ फ्रेंच ‘पेलोतों’वरून, म्हणजे दोऱ्याची लहान गुंडी. मराठीने पलटण इतकी आपली केली की घरात चार पोरे जमली तरी ती पोरांची पलटण. तिचा जोडीदार ‘कंपू’ मात्र पार बिघडला. महादजी शिंद्यांनी द ब्वान्य या युरोपीय सरदाराकडून उभी करून घेतलेली कवायती दले म्हणजे कंपू, मूळ ‘कॅम्प’. त्या कंपूंनी उत्तर हिंदुस्थान हलवून सोडला. आज कंपू म्हणजे साहित्य संमेलनातला कोपऱ्यात कुजबुजणारा गट. ‘कवायत’ हा शब्द तेवढा सरळ राहिला. अरबीत नियम म्हणजे ‘काइदा’ आणि त्याचे अनेकवचन ‘कवाइद’. आपला कायदा आणि आपली कवायत म्हणजे एकाच शब्दाचे एकवचन आणि अनेकवचन आहेत, हे पोलिस परेड बघताना सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

दोन्ही महायुद्धे पाहिलेला माणूस शोधायचा तर तो विरळा. १९१७ साली अठराव्या वर्षी भरती झालेला शिपाई १९३९ साली चाळिशीत होता. टिकून राहिला असेल तर सुभेदार झालेला. त्याच्या छातीवर पहिल्या युद्धाचे चांदीचे पदक, विजयाचे ब्राँझचे पदक आणि शेजारी नवे तारे. पण दोन्ही युद्धांतून सरळ चालत गेलेली खरी जुनी शिपाईण म्हणजे पलटण. घाडग्यांची तिसरी पाचवी म्हणजे पहिल्या युद्धातली ११० वी मराठा. १९२२ साली जुन्या मराठा पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली, तेव्हा १०३ वी तिची पहिली, ११० वी तिसरी आणि ११७ वी पाचवी पलटण झाली. या तिन्ही मेसोपोटेमियात सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होत्या. जनरल टाउनशेंड यांच्या हाताखाली त्या बगदादच्या दिशेने गेल्या, टेसिफॉनवरून मागे फिरल्या आणि डिसेंबर १९१५ मध्ये कुत-अल-अमारा इथे तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या. पावणेपाच महिने उपासमार. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. शिपाई वाळवंटातून पायी हाकले गेले आणि त्यांतले कित्येक वाटेतच संपले. सेनापती मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात राहिला. त्याच पलटणींच्या वारशात २८ वर्षांनी घाडगे, आणि पुढच्या वर्षी पहिल्या पलटणीचे शिपाई नामदेव जाधव. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर जाधवांनी दोन जखमींना पाण्यातून आणि सुरुंगांतून बाहेर काढले, एकट्याने तीन मशीनगन बंद केल्या, आणि मग नदीच्या काठावर उभे राहून गर्जना करत मागच्यांना पुढे बोलावले. मराठा पलटणीची गर्जना ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’. छत्रपती मराठी, पण ‘बोल’ आणि ‘की’ छावणीच्या हिंदुस्थानीतले.

कडेवर या पलटणींचे नाव इंग्रजीत ‘महराट्टा’ असे मधल्या ‘ह’सह येई. हा ‘ह’ साहेबाची चूक नव्हे. प्राकृतात ‘मरहट्ठ’ होतेच, उत्तरेकडचे लोक ‘मरहटा’ म्हणत, आणि इंग्रजांच्या कानी तोच उच्चार पडला. मराठी बोलणाऱ्यांनी तो ‘ह’ कधीच गाळला होता. स्वातंत्र्यानंतर पलटणीनेही गाळला.

पलटणीत शिरण्याला मराठीत ‘भरती’ म्हणतात. हा शब्द भरणे या क्रियेचा. त्याच्या मागच्या ‘भृ’ धातूपासून संस्कृतात ‘भृति’ झाला, म्हणजे वेतन, आणि ‘भृत्य’ म्हणजे वेतनावरचा चाकर. पण कोकणातल्या माणसाला भरती म्हटली की समुद्र आठवतो, आणि भरतीनंतर ओहोटी येतेच. दोन युद्धांच्या काळात महार सैनिकांनी ही भरती-ओहोटी अंगावर घेतली. मुंबई इलाख्याच्या जुन्या फौजेत ते मोठ्या संख्येने होते. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते, आणि त्या घरात सुभेदार हा शब्द नुसता हुद्दा नव्हता, शाळेचा आणि स्वाभिमानाचा दाखला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘लढवय्या जाती’ नावाचे एक खूळ सरकारच्या डोक्यात शिरले आणि महारांची भरती बंद झाली. युद्ध पेटल्यावर १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली, आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडली गेली. पुन्हा युद्ध, पुन्हा भरती : १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट सुरू झाली, आणि ही ओहोटीला पुरून उरली. गरज असताना लढवय्या आणि नसताना नव्हे, अशी जात फक्त सरकारी कागदातच असते.

शब्दांची ये-जा एकतर्फी मात्र नव्हती. पहिल्या युद्धात फ्रान्सच्या चिखलात उभा असलेला प्रत्येक गोरा सोजीर ‘खाकी’त होता, आणि खाक म्हणजे फारसीत धूळ. त्याच्या पोटऱ्यांना गुंडाळलेली ‘पुट्टी’ म्हणजे आपली पट्टी. आणि घरची आठवण आली की तो ‘ब्लायटी’ म्हणे, म्हणजे इंग्लंड. हा शब्द ‘विलायती’चा ‘बिलायती’ आणि त्याचा पुढचा अपभ्रंश. अरबी ‘विलाया’ म्हणजे राज्यकारभाराखालचा प्रांत. आपण साहेबाच्या देशाला विलायत म्हणत होतो, आणि तो स्वतःच्या आईच्या घराला आपल्या शब्दाने हाक मारू लागला. जिवावर न बेतता घरी पाठवील अशी जखम म्हणजे ‘ब्लायटी’ जखम, तिची तो वाट बघे. मेसोपोटेमियातल्या मराठी शिपायाला घरी जायला दुसरा शब्द लागत नव्हता. त्याला घरच होते, पण त्याची जखम किती मोठी असली की घरी पाठवायची, हे ठरवणारा तो नव्हता.

खेड्यात हे पहिले युद्ध ‘जर्मनची लढाई’ म्हणून ओळखले गेले. तो ‘जर्मन’ स्वयंपाकघरातही शिरला. तांबे, निकेल आणि जस्ताच्या मिश्रणाला ‘जर्मन सिल्व्हर’ म्हणत, त्यावरून पांढऱ्या हलक्या धातूच्या भांड्याला ‘जर्मनचे पातेले’ म्हणू लागले, आणि आजही ॲल्युमिनियमला कितीतरी घरांत जर्मनच म्हणतात. गंमत अशी की दुसऱ्या युद्धात पदकांतून चांदी बहुतेक गेली. भारतातल्या सेवेबद्दल दिलेले ‘इंडिया सर्व्हिस मेडल’ तांबे-निकेलचे, म्हणजे त्याच घराण्यातल्या धातूचे. आणि ब्रिटनने आपल्या सैनिकांना दिलेल्या दुसऱ्या युद्धाच्या पदकांवर नावे कोरणेच सोडून दिले. तिथे कड कोरी राहिली.

शौर्याचे शब्द वेगळ्या वाटेने आले. १९११ च्या अखेरीपर्यंत व्हिक्टोरिया क्रॉस भारतीय शिपायाला मिळूच शकत नव्हता. पहिला मानकरी खुदादाद खान, ऑक्टोबर १९१४, बेल्जियम. त्याआधी १८३७ पासून भारतीय अधिकाऱ्यांसाठी ‘ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया’ होती. तिच्या वरच्या वर्गाच्या मानकऱ्याला ‘सरदार बहादूर’ आणि खालच्याला ‘बहादूर’ अशी पदवी लागे. हा शब्द मध्य आशियाच्या गवताळ रानातून दौडत आला. मोंगोल ‘बातर’ म्हणजे वीर, उलानबातर म्हणजे लाल वीर, रशियन लोककथांतला ‘बोगातिर’ तोच. हिंदुस्थानात तो मोगल दरबारी खिताब झाला, मराठीत ‘बहाद्दर’ झाला, इंग्रजांनी त्याची रावबहादुरी केली. आणि स्वातंत्र्यानंतरच्या मुंबईत? इमारतीच्या फाटकावर रात्र जागवणाऱ्या नेपाळी माणसाचे नाव काहीही असो, त्याला हाक ‘बहादूर’. ज्यांच्या गुरखा पलटणींनी दोन युद्धांत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवले, त्यांच्या मुलखातल्या माणसाला आपण खिताब देतो आणि खुर्ची देत नाही.

उलट दिशेने गेलेला शब्द म्हणजे ‘साहस’. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या ब्रीदात ‘कर्तव्य, मान, साहस’ आहे. धर्मशास्त्राच्या पोथ्यांत मात्र साहस हा गुन्हा. ‘सहस्’ म्हणजे बळ, आणि बळजबरीने केलेली लूट, मारहाण, हत्या ते साहस. मनुस्मृतीच्या अठरा विवादपदांत ते बसलेले आहे. दरोडेखोराच्या कपाळावरचा शब्द सैनिकाच्या ब्रीदात गेला. बळ तेच, फक्त ते कोणासाठी वापरले याची चौकशी झाली आणि शब्द निर्दोष सुटला.

१९५० साली प्रजासत्ताकाने स्वतःची पदके ठरवली तेव्हा ‘वीर’ आणि ‘चक्र’ यांची जोडी जमली. परमवीर चक्राचा आराखडा सावित्री खानोलकरांचा. जन्माने युरोपीय, मराठी सेनाधिकाऱ्याशी लग्न करून इथल्या झालेल्या. त्यांनी पदकावर इंद्राचे वज्र घेतले. हे चक्र जिवंतपणी मिळालेला कारवारचा रामा राघोबा राणे दुसऱ्या युद्धात ब्रह्मदेशात लढलेला होता. १९४८ साली राजौरीच्या वाटेवरचे सुरुंग आणि अडथळे काढून त्याने रणगाड्यांना रस्ता करून दिला. ‘वीर’ हा शब्द लॅटिन ‘वीर’चा सख्खा भाऊ, तिथे त्याचा अर्थ पुरुष, आणि इंग्रजी ‘व्हर्च्यू’ त्याची नात. मराठी मुलुखात तो दगडात कोरलेला आहे. गावच्या वेशीवर, देवळाच्या आवारात उभा असतो तो वीरगळ. ‘वीर’ संस्कृत आणि ‘गळ’ कन्नड ‘कल्लु’, म्हणजे दगड. खाली लढाई, वर अप्सरा वीराला नेताहेत, त्यावर शिवपूजा. नाव बहुधा नसतेच. पदकाच्या कडेवर नाव असते आणि गाव नसते. वीरगळावर नाव नसते, पण तो उभाच गावात असतो. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने या दोन्हींचा मेळ घातला. पहिल्या युद्धात तिथले ४६ जण कामी आले, त्यांचे स्मारक उभे राहिले, आणि गावाचेच नाव झाले ‘मिलिटरी अपशिंगे’. एका इंग्रजी शब्दाला गावाच्या नावाआधी मान मिळाला.

आता उतरंडीचा हिशेब पुरा करू. ‘सिपाह’ म्हणजे सैन्य, त्यातला तो शिपाई. आज मराठीत शिपाई म्हटले की कचेरीत फाईल आणि चहा नेणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. त्याचा जोडीदार ‘चपराशी’ म्हणजे चपरास लावणारा. फारसी ‘चप-ओ-रास्त’, डावे-उजवे. पट्ट्याच्या दोन टोकांना जोडणारा बिल्ला. तो बिल्लाही एक प्रकारचे पदकच, पण सेवेचे नव्हे, चाकरीचे. हवालदाराला १९७५ साली दादा कोंडक्यांनी ‘पांडू’ करून टाकले, आणि ज्याच्या हवाली गड होता तो थिएटरभर हशा पिकवू लागला. हे सगळे अर्थ लोकांनीच बदलले, आणि त्यात कोणाचा फारसा अपमान नाही.

‘जमादार’ची गोष्ट वेगळी. ‘जमा’ म्हणजे जमलेला समूह, त्याचा प्रमुख जमादार. दोन्ही महायुद्धांत हा व्हाइसरॉयच्या कमिशनचा अधिकारी होता, सुभेदाराच्या खालोखाल. विदर्भात पोलिस ठाण्यातल्या जमादाराचा अजूनही धाक आहे. पण शहरांत हाच शब्द सफाई कामगाराला लागला. लावला तो मान द्यायलाच, हे विशेष. गोड बोलून काम करून घ्यायचे म्हणून त्याला लष्करी हुद्दा दिला, आणि बघता बघता हुद्दाच लोकांना हलका वाटू लागला. १९६५ साली सैन्याने जमादार काढून ‘नायब सुभेदार’ आणला. ‘नायब’ म्हणजे दुय्यम, आणि ‘नवाब’ त्याच्याच अनेकवचनातून निघालेला. शब्द भारदस्त मिळाला. ‘जय जवान’ची घोषणाही त्याच वर्षीची, आणि शिपायाला लोकांच्या तोंडी ‘जवान’ हा तरुण शब्द मिळाला तो तेव्हापासून पक्का.

मात्र जमादाराच्या आधीही हे एकदा घडून गेले आहे. सफाई करणाऱ्याला त्याआधी ‘मेहतर’ म्हणत. फारसीत मेहतर म्हणजे अधिक थोर, वडील, सरदार. वायव्य सरहद्दीवरच्या चित्रालच्या राजाची पदवीच मेहतर होती. थोर म्हणून पाहिले, जमादार म्हणून पाहिले. शब्द राजाचा असो की सैन्याचा, त्या कामाला चिकटला की लोकांनी तो खाली ओढला. मग दोष शब्दाचा होता, असे कसे म्हणावे? ज्या मजुराला चांदीऐवजी ब्राँझ मिळाले, त्याच्या पदकाची बनावट खराब नव्हती. त्याच्या कामाची किंमत आधी ठरली होती, धातू मागून निवडला गेला. सैन्याने आपला अधिकारी त्या शब्दातून सोडवून घेतला, आणि सैन्याच्या दृष्टीने ते रास्त होते. झाडू हातात असलेल्या माणसाला सोडवायला मात्र नवा शब्द पुरणार नाही. त्याच्यासाठी फारसी, अरबी, तुर्की, इंग्रजी सगळे कोश पालथे घातले आणि कितीही मानाचा खिताब आणला, तरी पंचवीस वर्षांत त्याचेही तेच होईल, जोवर ते काम हलके मानणे आपण सोडत नाही.